यादीतली नावं: रावसाहेब, आक्काताई, तहसीलदार आणि एक धोंड्या

यादीवाले_गुरुजी

मंडळी, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सांगली जिल्हा. शाळेच्या जोडीला गेली अकरा वर्षं बीएलओचं काम गळ्यात पडलंय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: मतदारयादी काखेत मारून दारोदार फिरायचं, कोण वारलं, कोण लग्न होऊन गेली, कोण अठरा वर्षांचं झालं ते विचारायचं आणि फॉर्म भरायचे. माणसं ओळख दाखवत नाहीत, पण गावातली कुत्री आता माझ्यावर भुंकत नाहीत.

माझ्या भागात ९४२ मतदार. नावं पाढ्यासारखी पाठ झालीत. आणि खरं सांगू का, ही यादी करमणूक म्हणून वाचण्यासारखी आहे.

उदाहरणार्थ रावसाहेब. आमच्या भागात हे पाळण्यातलं नाव असतं, पदवी नव्हे. गेल्या वर्षी पहिलीच्या वर्गात एक रावसाहेब होता, वय सहा. पणजोबांचं नाव लावलेलं. बाईंनी हजेरीला 'रावसाहेब' म्हटलं की मागच्या रांगेतून शेंबडा 'हजर' यायचा. एकदा व्हरांड्यातून जाताना मी कानांनी ऐकलं, "रावसाहेब, आधी नाक पुसा, मग पाटी दाखवा." बाईंनी त्याला अहोजाहो कधी सुरू केलं हे त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. त्या नावापुढे 'ये रे, जा रे' बसतच नाही.

आक्काताई हे दुसरं. हेसुद्धा कागदावरचं नाव. माझ्या यादीत तीन आक्काताई आहेत आणि तिघींचे नवरे हयात आहेत. आता नवऱ्यानं हाक काय मारायची? एकाला मी विचारलंच. तो म्हणाला, "गुरुजी, चाळीस वर्सं झाली, मी नुसता 'आगं' म्हणतोय. पुढचं तिचं ती समजून घेती."

आणि तहसीलदार. वय ५८, पाच एकर बागायत. बापाच्या जमिनीचा निकाल ज्या दिवशी बाजूनं लागला त्या दिवशी हा जन्मला, म्हणून बापानं कृतज्ञतेनं नाव ठेवलं. दुबार नावाच्या सुनावणीला त्याला तालुक्याला बोलावलं होतं. शिपायानं बाहेर येऊन पुकारा केला, "तहसीलदार कोण हाय?" खिडकीतून आतल्या साहेबांनी मान वर केली आणि बाकावरून आमचा पठ्ठ्या हात वर करून उठला. दोन मिनिटं कोणालाच काही कळेना.

आता हे सगळं का लिहितोय ते सांगतो. माझ्या यादीत एक नाव आहे, 'धोंड्या'. वडिलांच्या रकान्यात 'दगडू'. म्हणजे दगडूचा धोंड्या, घरात एकूण कच्चा माल भरपूर. गेल्या आठवड्यात त्यांचा नातू घरी आला. पुण्याला नोकरीला असतो. म्हणाला, गुरुजी, आजोबांचं नाव दुरुस्त करायचंय, धोंडीराम करा. माझं लग्न ठरलंय, मुलीकडचे कागद बघून हसले. मी त्याला दुरुस्तीचा फॉर्म ८ दिला, पण म्हटलं सही किंवा अंगठा आजोबांचाच लागेल. आजोबा मळ्यात असतात, अजून गाठ पडलेली नाही.

पण डोक्यात बसलं. तुम्हाला अशी कुठली नावं भेटलीत? अटी तीन. आडनावं नकोत, त्यांचा मेळा वेगळा भरवू. मोबाइलवर फिरून गुळगुळीत झालेली नकोत. आणि नावामागचं कारण ठाऊक असेल तर ते आधी सांगा, नाहीतर नुसतंच फिदीफिदी होतं.

सव्वाशेर

आडनावं नकोत म्हणजे आमच्या सव्वालाखे, अर्धापुरे, दहातोंडे मंडळींवर अन्याय आहे. निषेध नोंदवतो आणि बसतो.

वऱ्हाडी_ठेचा

गुरुजी, मी यवतमाळकडे बँकेत काउंटरवर बसतो. आमच्याकडे तुमच्या धोंड्याचा भाऊ आहे, उकंडा. हे नाव वऱ्हाडात जुन्या पिढीत सर्रास. उकंडा म्हणजे उकिरडा.

एक आजोबा होते याच नावाचे, ऐंशीच्या घरातले. केवायसीला आले होते. अंगठा यंत्रावर उमटेना. कापूस वेचून वेचून बोटावरच्या रेषाच गेलेल्या. मी बोट पुसून घेतलं, थोडं तेल लावून बघितलं, यंत्र काही दाद देईना. मागं रांग वाढत चालली. तेवढ्या वेळात मी विचारलं, आबाजी, हे नाव कोणं ठेवलं? तर म्हातारा रंगात आला.

त्यांच्या आईची आधीची दोन लेकरं गेली होती. हे तिसरं. जन्मल्याबरोबर सुईणीनं सुपात घातलं आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारीण ठरवून तिथून चालली होती. तिनं मोठ्यानं म्हटलं, "अवं मायवं, हे कोणाचं लेकरू फेकलं बाप्पा!" उचललं आणि आईकडे आणलं. आईनं पदर पसरून तिच्याकडून पसाभर ज्वारीला विकत घेतलं. म्हणजे हिशेब असा, की हे आमचं नाहीच, फेकलेलं होतं, विकत आणलंय. फेकलेल्या मालावर यमाची नजर कशाला जाईल?

"मंग? गेली नाई नजर?" मी म्हटलं.

"अजून तं नाई गेली," म्हातारा म्हणाला. "तुह्या मशिनीलेबी मी दिसून नाई रायलो."

त्यांचा नातू बंगळूरला कंपनीत आहे. आजोबांचं नाव घराण्यात चालवायचं म्हणून मुलाचं मधलं नाव उकंडा ठेवणार होता. तिथल्या साहेबानं विचारलं, तुमचं मूळ युगांडाकडचं का? बेत रद्द झाला.

सोडाबाटली

भिकू, भिकाजी = देवाकडे भीक मागून मिळालेला. केरबा, केराबाई = केर. कचरू = सांगायला नको. फकिरा, पिराजी = दर्ग्याचा नवस. नथू = मुलगा असून नाक टोचून नथ घातलेला, म्हणजे वरच्याला वाटावं मुलगी आहे, मुलगी काय न्यायची. आमच्या आजोबांचे चुलते नथू होते, मिशीवर हात फिरवला की नाकपुडीवरचं भोक दिसायचं.

कोंडाजी पण त्यातलाच. बाळाच्या बदल्यात सूपभर कोंडा द्यायचा. आणि अशा कोंड्याच्या भावात घेतलेल्या नावाच्या माणसानं, कोंडाजी फर्जंदानं, १६७३ साली साठ माणसं घेऊन एका रात्रीत पन्हाळा घेतला. सौदा स्वस्तात पडला म्हणायचा.

लाटणं_आणि_लेखणी

दगडूशेठ हलवाई विसरलात का? अख्खं पुणं ज्या गणपतीला नवस बोलतं त्याच्या नावात आधी दगड आहे.

निवृत्त_बाई

मी माण-खटाव भागात चौतीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. गुरुजी, तुम्ही यादी वाचता, मी यादी लिहिलेली आहे, म्हणून मला जरा गुन्हेगारासारखं वाटतं.

पहिला गुन्हा नावाचा नाही, तारखेचा. जूनमध्ये शाळा सुरू झाली की वाड्यावस्त्यांवर फिरून मुलं पटावर घ्यायची. जन्मतारीख विचारली की आई सांगायची, "बेंदराच्या आदल्या दिवशी", "आमची तांबडी गाय व्याली त्याच्या दुसऱ्या दिसी". मग आम्ही वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकायचो. पहिलीला बसायला वय पुरायचं आणि कोणाचं काही बिघडत नसे. माझ्या एका वर्गात ३६ मुलं होती, त्यातली २९ एकाच दिवशी जन्मली होती. आज मोबाइलवर १ जूनला वाढदिवसांच्या शुभेच्छांचा पाऊस पडतो ना, तो आम्हा मास्तरांनी पाडलेला आहे.

नावांचंही तसंच. आई पदर तोंडाला लावून हळू आवाजात नाव सांगायची, आम्ही ऐकू येईल ते लिहायचो. 'धुरपदा' लिहायचं की 'द्रौपदी'? 'सगुणा' की 'शकुंतला'? ज्या दिवशी घाई असेल त्या दिवशी धुरपदा, सवड असेल त्या दिवशी द्रौपदी.

आणि नकुशी. ही आमच्याकडची. तीन मुलींवर चौथी झाली की नकुशी, नकुसा, नकोशी. तिचं नाव असं ठेवलं की पाचवा मुलगा होतो ही समजूत. दाखल करताना मी पहिल्यांदा ते नाव ऐकलं तेव्हा पेन थांबलं होतं. नंतर थांबेनासं झालं. दरवर्षी एकदोन असायच्याच.

२०११ साली साताऱ्यात ही नावं बदलायची मोहीम निघाली. २२ ऑक्टोबरला कार्यक्रम झाला, जिल्ह्यातल्या २८५ मुलींना नवीन नावांची प्रमाणपत्रं दिली. आमच्या चौथीतली एक त्यात होती. नाव निवडायला सांगितलं तर तिनं क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, ऐश्वर्या. टीव्हीवर बघितलेली.

सोमवारी मी हजेरी घेतली. 'ऐश्वर्या' म्हटलं. कोणी काही बोलेना. सगळ्या मुली मागं वळून बघायला लागल्या, ही ऐश्वर्या कोण नवीन आली. आणि आमची ऐश्वर्यासुद्धा त्यांच्याबरोबर मागं वळून बघत होती. असं पंधरा दिवस चाललं. शेवटी शेजारचीनं कोपर मारायचं ठरवून घेतलं. ऐश्वर्या, कोपर, हजर.

तिची आई मात्र तिला आजही 'नकू' म्हणते. मी एकदा तिला रागावले तर मला म्हणाली, "बाई, आता ते 'नको'वालं नकू ऱ्हायलं न्हाई. आता ते नुसतंच नकू हाय." मला उत्तर सुचलं नाही. मुलगी आता नर्सिंगला आहे, ओळखपत्रावर ऐश्वर्या, फोनवर नकू.

सव्वाशेर

बाई, माझ्या वडिलांचाही वाढदिवस १ जून. आम्ही केक आणतो. आजी दरवर्षी म्हणते, "ह्यो थंडीत झालाय, मला शेकोटी आठवती." केक तरीही १ जूनलाच.

यादीवाले_गुरुजी

बाई, तुम्ही 'लिहिणारा' म्हणालात आणि मी आज शाळेतलं जुनं लोखंडी कपाट उघडलं. आमच्या शाळेचं जनरल रजिस्टर आहे, कातडी पुठ्ठ्याचं, १९३० च्या दशकातलं. कडा वाळवीनं खाल्ल्यात पण मधला मजकूर शाबूत आहे. शाई तपकिरी झालीय. अक्षर मोत्यासारखं, लिहिणारा गुरुजी नक्की शिस्तीचा असणार.

एक पान तुम्हाला वाचून दाखवतो. वीस ओळी आहेत. त्यात 'रामचंद्र' दोन, 'रामा' तीन आणि 'राम्या' एक. त्याच पानावर 'गोविंदराव', खाली 'गोविंदा' आणि शेवटून दुसऱ्या ओळीत 'गोंद्या'. शेजारच्या रकान्यात जात लिहिलेली आहे. तो रकाना हातानं झाकून मी नुसती नावं वाचली आणि जात ओळखायचा खेळ खेळलो. वीसपैकी सतरा बरोबर आल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात आलेला विचार असा. धोंडा सगळ्यांच्या घरी सारखाच होता. मूल जगावं म्हणून आईनं त्याला दगड म्हटलं, मग ती वाड्यातली असो की वस्तीतली. १८५७ च्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५८ ला, महर्षी कर्वे जन्मले, ते धोंडो केशव. शंभरीत भारतरत्न झाले आणि आपण कधीही त्यांच्या नावाला हसलो नाही. पाटलाच्या घरात तोच धोंडीबा, धोंडीराम. आणि गावाच्या कडेला तो धोंड्या. दगड आईनं दिला, शेपूट मात्र रजिस्टर लिहिणाऱ्यानं लावलं. 'पंत' लावायचं, 'बा' लावायचं की 'ड्या'वर सोडायचं हे त्या पेनाच्या टोकावर ठरलं.

साताऱ्याच्या हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० ची बाबासाहेबांच्या प्रवेशाची नोंद आहे, 'भिवा रामजी' अशी. ती तारीख आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. दरवर्षी शाळेत भाषण मीच करतो. पण त्या 'भिवा' या दोन अक्षरांकडे मी आजवर कधी नीट बघितलं नव्हतं, हेही कबूल करतो.

थोडक्यात, नातवाचं म्हणणं मला पटायला लागलंय. 'ड्या' काढलाच पाहिजे.

डहाणू_शटल

गुरुजी, थोडं थांबा. मी डहाणू तालुक्यातली, अंगणवाडीत काम करते. आमच्या वारली समाजात 'या' लागलेलं नाव म्हणजे हलकं नाव असं कोणी मानत नाही. ज्या वारी जन्म त्या वाराचं नाव, ही जुनी रीत. सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारचा बुध्या, शुक्रवारचा सुकऱ्या. मुली सोमी, मंगळी, बुधी, सुकरी. मी वजनकाट्यावर बाळ ठेवते तेव्हा नोंदवहीत बघावं लागत नाही, जन्मवार नावातच असतो. आता तीही नावं मागं पडलीत, आर्यन आणि श्रेया आलेत, आणि मला पुन्हा वहीत बघावं लागतं.

वारली चित्रं जगभर नेणारे आमचे जिव्या सोमा मशे. २०११ ला पद्मश्री मिळाली तीही 'जिव्या' याच नावानं. त्यांना कोणी 'जीवनराव' केलं नाही, आणि करायचं म्हटलं असतं तर आम्हालाच ओळखू आलं नसतं की हे कोण.

जनाबाई पांडुरंगाला 'विठ्या' म्हणते. तिथे 'या' कशाचा आहे?

म्हणजे तुमचं रजिस्टर खोटं आहे असं नाही. लिहिणाऱ्यानं अपमान केला असेलही. पण हाक मारणाऱ्यानं केला होता का, ते त्या आजोबांनाच ठाऊक. विचारलंत का त्यांना?

यादीवाले_गुरुजी

नाही विचारलं. रविवारी मळ्यात जाणार आहे. ताई, जनाबाईवर मी निरुत्तर.

रेवदंड्याचा_वारा

वातावरण जरा तापलंय, एक खारा वारा सोडतो. आमच्या अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. बोली मराठी. आडनावं गावावरून, पेणकर, नवगावकर, केहिमकर, आपल्यासारखीच.

आणि नावं! बायबलातली नावं कोकणात आल्यावर त्यांना 'जी' लागला. सॅम्युएलचा सामाजी. इझिकेलचा हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली ज्यांनी बांधलं ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर. पण इथल्या जिभेवर ते सामाजी हसाजी दिवेकर. नुसतं नाव ऐकलं तर मावळातला सरदार वाटेल, आणि खरंच फौजेतला माणूस होता. मस्जिद बंदर स्टेशनाच्या नावातली मशीद म्हणजे मुळात हेच सिनेगॉग असं सांगतात.

आमच्या आजीची एक मैत्रीण होती त्या समाजातली, नंतर इस्रायलला गेली. तिकडून पत्रं यायची, मराठीत. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव सारा आणि आत खाली सही 'तुझी साळू'.

बेळगाव_मांडा

कर्नाटकातून एक भर. बंगळूरजवळ भद्रापूर नावाची वस्ती आहे, हक्की-पिक्की समाजाची. पूर्वी पाखरं धरून जगणारे भटके लोक. त्यांच्या मुलांची नावं हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, कॉफी, गूगल. थट्टा नव्हे, वर्तमानपत्रांत कितीदा येऊन गेलंय. त्यांची वागरी बोली गुजरातीच्या जवळची, कान देऊन ऐकली तर मराठी माणसालाही अर्धीमुर्धी कळते.

शिकारीवर १९७२ चा कायदा आला, रान सुटलं, शहराची ओळख झाली. जे नवीन आणि भारी वाटलं त्याचं नाव पोराला. आपल्याकडचा तहसीलदार तसाच की. त्यांनी फक्त अपील वरच्या कोर्टात नेलं.

सोडाबाटली

हायकोर्ट मोठा की सुप्रीम कोर्ट, भावाभावांत भांडण झालं तर निकाल आधीच लागलेला.

पाचवा_बाक

आमच्या गल्लीतला 'सुकडी'. खरं नाव सुरेश. १९७२ च्या दुष्काळात जन्मला, खडीच्या कामावर आईला सुकडी मिळायची तीच खाऊन वाढला. अंगानं आता शंभर किलो. दुकानाच्या पाटीवर पण 'सुकडी किराणा'. परगावचे लोक विचारतात, सुकट मिळेल का.

लाटणं_आणि_लेखणी

मला एक चिंता लागून राहिलीय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाचं नाव कागदोपत्री आधी बाळ, मग आई, मग वडील, मग आडनाव असं लिहायचं ठरलंय ना? गुरुजींच्या गावातलं पुढचं बाळ डोळ्यांपुढे आणा.

रावसाहेब आक्काताई तहसीलदार.

एका माणसात अख्खं महसूल खातं आणि घरची वडीलधारी.

निवृत्त_बाई

अगं, हसून हसून ठसका लागला. आमचे हे स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आले. त्यांचंही नाव नानासाहेब, पण ते इथं लिहू नको म्हणाले.

वऱ्हाडी_ठेचा

गुरुजी, रविवार होऊन गेला. मळ्यात जाऊन आले का?

यादीवाले_गुरुजी

जाऊन आलो. उशीर झाला कारण घटक चाचणीचे पेपर होते.

आजोबा विहिरीच्या कठड्यावर बसून वैरणीचे बिंडे बांधत होते. नातूही होता. मी आधी जनरल रजिस्टरची गोष्ट सांगितली, कर्वे सांगितले, धोंडोपंत सांगितले. म्हातारा ऐकत होता, हात चालूच. मग म्हणाला, "गुरुजी, म्या दगूड न्हवं."

मी म्हटलं म्हणजे?

"दगूड माजा बाप. त्याच्या आदूगरची पोरं गेल्याली, म्हणून त्यो दगडू. मी धोंड्याच्या म्हैन्यातला."

अधिक महिना! धोंडे करून जावयाला जेवू घालतात तो धोंड्याचा महिना. सोडाबाटली, तुम्हीही सगळी नावं सांगितलीत आणि हे राहून गेलं. मी तर तीन दिवस दगड घेऊनच बसलो होतो. कुठल्या वर्षीचा महिना विचारलं तर म्हणाले, आई सांगायची, चावडीवर झेंडा लावला होता आणि साखर वाटत होते तेव्हा मी आठ दिवसांचा होतो.

घरी येऊन जुन्या पंचांगाचा ताळा लावला. १९४७ ला अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. पंधरा ऑगस्ट अधिक महिन्यातच पडला होता. म्हणजे आमचे आजोबा स्वातंत्र्यापेक्षा आठ दिवसांनी थोरले. आणि यादीत जन्मतारीख काय? बाई, तुमच्याच जातभाईनं टाकलेली. १ जून १९४९.

नातू लगेच म्हणाला, मग तारीख पण दुरुस्त करा, नाव पण करा, एकाच फॉर्ममध्ये होईल. मी पेन काढलं. 'धोंडीराम' लिहू का, 'धोंडीबा' लिहू, असं आजोबांना विचारलं. डहाणूच्या ताईंचं लक्षात ठेवून हेही विचारलं, की 'धोंड्या' म्हटलेलं तुम्हाला खटकायचं का?

बिंडा बांधून झाला, त्यावर गुडघा रोवून त्यांनी गाठ मारली.

"आय म्हणायची तवा न्हाई खटाकलं. पाटील म्हणायचा तवा खटकायचं. दोगंबी गेली." मग नातवाकडे बघून म्हणाले, "पास्बुकावर काय नाव हाय?"

नातू म्हणाला, धोंड्या.

"रेशनकार्डावर?"

धोंड्या.

"आधारला?"

तेच.

"मंग श्रावणबाळचं दीड हजार कुणाच्या नावानं येत्यात? धोंडीरामाच्या? हिकडं नाव बदललं की बँकवाला म्हणणार ह्यो माणूस त्यो न्हवं. मागं त्या अंगठ्यापायी चार म्हैनं पैसं आडाकलं हुतं. पत्रिकेवर छाप तुला काय छापायचं त्ये, धोंडीराजे छाप. सरकारात हाय त्ये ऱ्हाऊ द्या."

फॉर्म ८ कोराच परत आणला. येताना त्यांनी पिशवीत शेवग्याच्या शेंगा घातल्या. पत्रिका छापून झालीय, काल मला मिळाली. आजोबांच्या नावापुढे 'श्री. धोंडीराम (आण्णा)' आहे, आणि खाली 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिमुकल्यांमध्ये पहिलंच नाव रावसाहेब.

सव्वाशेर

आत्याच्या? लग्न तर काकाचं आहे ना?

यादीवाले_गुरुजी

छापखान्याची चूक आहे. पाचशे पत्रिका वाटून झाल्या.